बहनजींच्या बाई झाल्या

विमलताई सप्र्यांच्या पोटात आजवर निदान चौदा भाषांत दुखून झालं आहे आणि त्यांची प्रकृती अतिशय उत्तम आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. बँकेनं माझी बदली कऱ्हाडहून थेट वाराणसीला केली, मंगला गौरीच्या देवळाजवळच्या एका बोळात मला वरची खोली भाड्यानं मिळाली आणि घरमालकीण म्हणून विमलताई मिळाल्या. दुसऱ्याच दिवशी पहाटे त्यांनी माझं दार वाजवलं. "चल बेटा, तुला घाट दाखवते." आम्ही पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरलो. मला वाटलं, आता गंगेचं माहात्म्य ऐकावं लागणार. विमलताईंचं गंगेकडे लक्षसुद्धा नव्हतं. त्या सरळ निघाल्या ते स्नान करून केस पुसत बसलेल्या एका आंध्रातल्या आजींसमोर जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हातांनी स्वतःचं पोट धरलं, चेहरा कळवळल्यासारखा केला आणि विचारलं, "आपके में इसको क्या बोलते हैं?"

आजींना हिंदी येत नव्हती. त्यांनी तो चेहरा पाहिला, ते हात पाहिले आणि लगबगीनं पिशवीतून ओव्याची पुडी काढून विमलताईंच्या तळहातावर रिकामी केली. विमलताईंनी निमूटपणे ओवा चावला आणि पुन्हा पोट धरलं. आता आजी घाबरल्या. त्यांनी हाका मारल्या, तसा त्यांचा मुलगा ओल्या धोतरानं धावत आला. "कडुपु नोप्पि? डॉक्टर?" तो म्हणाला.

विमलताईंचा चेहरा उजळला. "कडुपु नोप्पि," त्या म्हणाल्या. "कडुपु नोप्पि, कडुपु नोप्पि." आणि क्षणात बऱ्या होऊन ताठ मानेनं पायऱ्या चढू लागल्या. ते मायलेक उरलेल्या ओव्याकडे आदरानं बघत राहिले.

वर येईपर्यंत त्यांनी एका बंगाली गृहस्थांकडून होमिओपॅथीच्या चार गोळ्या खाल्ल्या. "पण बंगाली तर तुम्हाला येते म्हणालात," मी विचारलं. "येते. पण काल माल्दाकडचा एक मुलगा आला आहे, तो काही वेगळंच बोलतो. पक्कं करून घ्यायला नको?"

तेव्हा मला उलगडा झाला. विमलताई आमच्या बोळाच्या तोंडाशी असलेल्या सरकारी प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. तीन खोल्या, एक अंगण, एक हातपंप आणि भिंतीवर सरकारनं रंगवून दिलेला हसरा सूर्य. मोहल्ल्यातली खाऊनपिऊन सुखी मंडळी आपली मुलं टाय लावून इंग्रजी शाळेत पाठवत. उरलेली या शाळेत येत, आणि उरलेल्यांत निम्मी बाहेरगावची. कुणाचा बाप नेपाळातून येऊन हॉटेलात आचारी झालेला, कुणाची आई आंध्रातल्या यात्रेकरूंच्या धर्मशाळेत स्वयंपाकाला, कुणाचे आईबाप बंगालमधून येऊन भंगार वेचणारे. काशीला लोक मरायला येतात म्हणतात. पण पोट भरायला येणारेही काही कमी नाहीत, आणि ते येताना पोरं घेऊन येतात.

या पोरांसाठी विमलताईंचं एक शास्त्र होतं. "पहिले पोट, मग पाटी," त्या म्हणत, "काय समझलीस?" हे 'काय समझलीस' त्या आमच्या मॅनेजरपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना म्हणत, पुरुषांनासुद्धा. शास्त्र असं, की नवं मूल शाळेत आलं की त्याच्या भाषेतल्या तीन गोष्टी मास्तरांना आल्याच पाहिजेत: पोट दुखतंय, शू लागली आणि आई पाहिजे. "हे तीन कळले, तर मूल रडत नाही. मूल रडलं नाही, तर ककहरा, आपलं ते कखग, दोन महिन्यांत होतो. आणि ककहरा नाही झाला तरी काय, गंगा उलटी वाहणार आहे?"

शू लागल्याचं त्या घाटावर कसं विचारत असतील, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. एकदा प्रत्यक्ष पाहिलं. त्याचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगते, की मदुराईकडचे ते सद्गृहस्थ अत्यंत सभ्यपणे त्यांना हाताला धरून सार्वजनिक शौचालयापर्यंत सोडून आले.

शास्त्राचा दुसरा भाग म्हणजे घंटी. नव्या मुलाला पहिले आठ दिवस काही शिकवायचं नाही. त्याच्या हातात शाळेची घंटी द्यायची. "घंटीला भाषा नसते. आणि ज्याच्या हातात घंटी, त्याला कोणी बुद्दू म्हणत नाही." परिणाम असा, की शाळा कधी भरेल आणि कधी सुटेल याचा नेम नव्हता. एका नेपाळी पोरानं आनंदाच्या भरात सकाळी साडेनऊलाच शाळा सोडली होती. बोळातले लोक त्या घंटेवर गॅस बंद करत, दूध आणायला निघत, औषधं घेत. नवा मुलगा आला की अख्ख्या मोहल्ल्याची दिनचर्या आठ दिवस कोलमडे. पण तक्रार कोणी करत नसे. फक्त एकमेकांना विचारत, "आज कौन बजा रहा है? नया आया का?"

मुलांबरोबर त्यांचे आईबापही विमलताईंच्या अंगावर पडत, म्हणजे त्या ते ओढूनच घेत. मला तर त्यांनी बँकेसकट दत्तक घेतलं होतं. गणवेशाचे पैसे सरकार पालकांच्या खात्यात टाकतं, खात्याला आधार लागतं, आधाराला पत्ता लागतो आणि पत्ता म्हणजे कुणाच्या तरी जिन्याखालची जागा. विमलताई अशा पाचसहा आयांना रांगेनं माझ्या काउंटरपुढे उभं करत आणि मोठ्यानं सांगत, "ही आपली घरची मुलगी आहे, हिला काही पण विचारा." मग त्या काहीही विचारत. एकीनं मला लसीकरणाचं विचारलं, दुसरीनं नवऱ्याची दारू कशी सोडवायची ते. मागे रांग दरवाजाबाहेर जाई. मॅनेजरसाहेब काचेतून बघत. पण विमलताईंशी वाद घालायची त्यांची छाती नव्हती, कारण एकदा घालून बघितला होता.

आता विमलताईंच्या मराठीबद्दल सांगायला हवं. सप्रे घराणं काशीत सात पिढ्या. "नागपूरच्या भोसल्यांबरोबर आलो आम्ही, घाट बांधला ना त्यांनी, तेव्हा," असं त्या कालच उतरल्यासारख्या सांगत. सात पिढ्या घरात मराठी टिकली, याचा त्यांना विलक्षण अभिमान. "बाहेर सगळी हिंदी, पण उंबरठ्याच्या आत शुद्ध मराठी." ती शुद्ध मराठी अशी: "बेटा, मी केव्हापासून तुझा इंतजार करून राहिले आहे, भात पण गार होऊन गेला." यजमान वारल्यावर घरात त्या मराठीचे वारसदार दोनच उरले होते, एक त्या आणि दुसरे देव. देवांशी त्या बोलतही भरपूर. मी आल्यावर देवांना जरा उसंत मिळाली असावी.

एक मुलगा पुण्याला होता. दर रविवारी त्याचा फोन येई आणि विमलताई तो स्पीकरवर लावून मला बोलावत. "ऐक, ऐक, कसा बोलतो!" खरंच सुरेख बोलत असे, वर्तमानपत्रातल्या अग्रलेखासारखं. फोन ठेवल्यावर त्या थोडा वेळ काही बोलत नसत. मला वाटे, अभिमानानं.

तर अशा या सर्वज्ञ विमलताईंची फजिती झाली ती नेपाळीत नाही, तेलुगूत नाही, मराठीत.

झालं असं, की चौकाजवळच्या सराफ्यात सोनं-चांदी गाळायचा धंदा करणारं एक मराठी कुटुंब आलं. गलाईवाले. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूरकडची ही मंडळी देशभर पसरलेली आहेत. जिथे सोनं आहे तिथे भट्टी आहे, आणि भट्टीपुढे आपल्या दुष्काळी भागातला कोणीतरी जाधव घाम गाळत बसलेला आहे. या जाधवांची मुलगी ऋतुजा, आठ वर्षांची, दोन वेण्या, लाल रिबिनी. विमलताईंना कोण आनंद झाला! आयुष्यात पहिल्यांदा शाळेत मराठी मूल आलं होतं. "आपलीच मुलगी! हिचं काय विचारायचं? पोट पण आपलं, पाटी पण आपली." म्हणून तिला घंटी दिली नाही, तीन गोष्टी विचारल्या नाहीत. सरळ दुसरीच्या वर्गात मिश्रा मॅडमपुढे नेऊन बसवली.

दुपारपर्यंत ऋतुजाला शू लागली. ती शहाण्यासारखी उभी राहिली, करंगळी वर केली आणि गावच्या शाळेत म्हणायची तसं खणखणीत म्हणाली, "बाई, जाऊ?"

वर्ग गारठला आणि मग फुटला. "मैडम को बाई बोली! मैडम को बाई जी बोली!" आपल्याकडे शाळेत बाई म्हणजे बाई. जिला आपण घाबरतो आणि जिच्यासारखं चालून बघतो ती. पण बनारसमध्ये बाई जी म्हणजे कोठ्यावर गाणारी, नाचणारी. एरवी बाई म्हणजे भांडी घासणारी. बावीस-तेवीस वर्षांची मिश्रा मॅडम, नुकती नोकरीला लागलेली, घरातून पहिल्यांदा बाहेर पडून कमावणारी. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बाई होगी तेरी माँ!" ती ओरडली. ऋतुजाला त्यातलं 'बाई' आणि 'माँ' एवढंच कळलं. ती करंगळी वर करून तशीच उभी राहिली आणि व्हायचं ते उभ्या उभ्या झालं.

त्या दिवसापासून ऋतुजा शाळेत बोलेनाशी झाली. एक अक्षर नाही. पोरं तिला 'गूंगी' म्हणू लागली.

त्या संध्याकाळी विमलताई माझ्या खोलीत येऊन खाटेच्या कडेवर बसल्या. "खरं सांग, तिकडे मास्टरनीला बाई म्हणतात?" मी हो म्हटलं. "सगळे?" सगळे. त्यांचा विश्वासच बसेना. घरात ताई, काकू, मावशी, आणि शाळेत जन्मभर बहनजी. मराठी शाळा म्हणून काही असते, तिथे मुलं मास्तरणीला काहीतरी हाक मारत असतील, हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. "तेलुगूला विचारलं, तमिळला विचारलं," त्या म्हणाल्या, "आपल्याला नाही विचारलं. किती घमंड!" आणि मग एकदम उठल्या. "चल. तुझी मराठी घे आणि चल."

आम्ही जाधवांकडे गेलो. खाली भट्टी, वर एक खोली. तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, वास जिन्यापर्यंत. ऋतुजाची आई सुरेखा चुलीसारख्या तापलेल्या त्या खोलीत भाकरी थापत होती. आपल्या माणसांना बघून तिला भरून आलं. विमलताईंनी ऋतुजाला जवळ घेतलं आणि आपल्या सात पिढ्यांच्या शुद्ध मराठीत सांगितलं, "तू बिल्कुल परेशान नको होऊ. मुलगी फार होशियार आहे. तिला मी खुद्द शिक्षा देईन. रोज देईन. चांगली शिक्षा देईन."

सुरेखानं हातातली भाकरी परातीत टाकली आणि पोरीला आपल्या मागे ओढलं.

"शिक्षण," मी घाईघाईनं म्हटलं. "शिक्षण देतील. हिंदीत शिक्षणाला शिक्षा म्हणतात."

"आन मग शिक्षेला काय म्हंत्यात?"

"दंड."

सुरेखानं टाकलेली भाकरी पुन्हा उचलली. "म्हंजी शाळंच्या भितीवर 'मुफ्त शिक्षा' लिवलंय ते..." ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसू लागली. मीही हसले. विमलताईंना काही कळेना. मी समजावून सांगितल्यावर त्या हसल्या नाहीत. घरी परतताना म्हणाल्या, "माझी मराठी इतकी खराब आहे?" मी म्हटलं, तसं नाही हो. "माझा मुलगा पण हसतो," त्या म्हणाल्या. "पहिले हसायचा. आता नाही हसत."

एवढं मात्र त्या भेटीत कळलं, की सुरेखाचा दीर जत्रेला गावी जाणार होता आणि पोरगी शाळेत रमली नाही तर तिला त्याच्याबरोबर आजीकडे पाठवून द्यायची, असं घरात ठरत आलं होतं. आईबाप काशीत, पोर विट्याकडे. गलाईवाल्यांच्या घरोघरी हेच चालतं, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पण सुरेखा ते सांगताना पोरीच्या वेणीची रिबीन उगाचच सोडून पुन्हा बांधत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बँकेत निघाले होते. शाळेची प्रार्थना संपली होती आणि अंगणातून विमलताईंचा आवाज येत होता. मी दारात थबकले.

"आज से," त्या मुलांना सांगत होत्या, "हमको कोई बहनजी नहीं बोलेगा, मैडम नहीं बोलेगा. हमको सब लोग बाई बोलेंगे. बोलो, बाई नमस्ते."

पोरांनी आधी एकमेकांकडे पाहिलं. मग शंभर पोरं बेंबीच्या देठापासून ओरडली, "बाई नमस्ते!" समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड उलटणाऱ्या एका आजींनी कानांवर हात ठेवले.

मिश्रा मॅडम धावत पुढे आली. "दीदी, आप क्यों? वो बच्ची को हम समझा देंगे ना. हमसे गलती हुई."

"समझाने से एक बच्ची समझेगी कि वो गलत थी," विमलताई म्हणाल्या. "और तू ये सब मत सोच. तू जवान है, तेरी बदनामी होगी. मेरी अब क्या होगी?"

झाली ना, व्हायची ती झालीच. बनारसी माणसाला चेष्टेचा विषय मिळाला तर तो अंघोळही पुढे ढकलतो. बोळातून जाताना पोरं छातीठोक "बाई जी नमस्ते" घालत आणि दुकानादुकानांतून माना बाहेर येत. कोपऱ्यावरचा पानवाला म्हणाला, "का मास्टराइन, ई उमिर में बाई जी बन गइलू?" विमलताई थांबल्या. "हाँ, बन गइली. तू पान लगावा, सुर मत लगावा." दोन पालकांनी येऊन सांगितलं, की आमच्या मुलांच्या तोंडी हा शब्द नको. पुतण्या येऊन बोलून गेला, की काकू, खानदानाचा तरी विचार करा. त्यांनी त्याला चहा दिला.

शेवटी तक्रार वर गेली आणि एक साहेब तपासणीला आले. अंगणातून मुलं ओरडली, "बाई, साहब आए हैं!" साहेब लालबुंद झाले. हे काय चालवलंय, एका सन्माननीय शिक्षिकेला हा असभ्य शब्द, वगैरे. त्या दिवशी मी तिथेच होते, कुणाच्या तरी खात्याची सही घ्यायला. विमलताईंनी साहेबांना पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, "साहब, आज सुबह कहाँ नहाए?"

साहेब गोंधळले. पण बनारसचा माणूस हा प्रश्न टाळत नाही. "दशाश्वमेध के बगल में," ते म्हणाले, "अहिल्याबाई घाट पर."

"तो पहले उस घाट का नाम बदलवाइए. फिर हम भी बदल देंगे."

साहेब थोडा वेळ घाटाचा विचार करत राहिले. मग चहा प्यायले आणि शेरा न लिहिता गेले. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यात सात प्रकारांनी सांगितली गेली, आणि पानवाल्यानं विमलताईंकडून पानाचे पैसे घ्यायचं बंद केलं.

ऋतुजाच्या हातात आता घंटी होती. आठ दिवस झाले, पंधरा झाले, विमलताईंनी ती परत घेतली नाही. पोरगी अजून बोलत नव्हती, पण घंटी वेळेवर देऊ लागली होती, ही बोळाच्या दृष्टीनं क्रांतीच होती. आणि एका दुपारी पंपाजवळ दोन पोरांची मारामारी झाली तेव्हा ती धावत कार्यालयाच्या दाराशी आली आणि किंचाळली, "बाई! त्यो पाडतुय त्येला!" विमलताईंना 'त्यो' आणि 'त्येला' यांतलं काही कळलं नाही. त्या मारामारीकडे गेल्याच नाहीत, ऋतुजालाच उचलून घेऊन उभ्या राहिल्या. हे मला मिश्रा मॅडमनं सांगितलं. ती सांगताना हसतही होती आणि पोरांना लागलं किती, तेही सांगत होती.

पण एका हाकेनं घरचे बेत बदलत नाहीत. जत्रा जवळ आली. एका शनिवारी बँकेला सुट्टी होती, तेव्हा शाळेतून निरोप आला, "तुझी मराठी घेऊन ये." मी गेले. कार्यालयात सुरेखा उभी होती, नवी साडी नेसून. ऋतुजा दाराशी घंटीच्या दोरीला धरून उभी होती.

"दाखला पायजे बाई," सुरेखा म्हणाली. "उद्या भाऊजी निगाल्यात. सासूबाईंचा रोज फोन येतुया, पोरीला धाडा म्हून. तिकडं मराठी शाळा हाय, समदी आपली मान्सं हायेत. हितं आमी दिसभर भट्टीम्होरं. पोरगी कुनाशी बोलनार?" आणि मग, विचारायचं नव्हतं तरी विचारलं, "तुमीच सांगा. ठिवू का धाडू?"

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. विमलताईंनी हातानं मला थांबवलं.

मग त्या बोलल्या. इतकं हळू त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. तांदळातले खडे वेचावेत तसा एकेक हिंदी शब्द बाजूला काढत, सुरेखाला कळेल अशी मराठी त्या जुळवत होत्या.

"आजी चांगली आहे?"

"लै जीव लावत्या."

"माझी नणंद पण चांगली होती," विमलताई म्हणाल्या. "माझा मुलगा आठ वर्षांचा होता. इथे त्याची मराठी बिघडेल म्हणून पुण्याला धाडला, तिच्याकडे. शाळा चांगली. घर चांगलं. जाताना गाडीच्या खिडकीतून रडत होता, 'आई, तू पण चल, तू पण चल.'" त्यांनी टेबलावरची एक टाचणी उचलून दुसरीकडे ठेवली. "सुट्टीत आला. दारात उभा राहिला आणि म्हणाला, 'आई, तुम्ही कशा आहात?' मला वाटलं, नवीन शिकला आहे, चार दिवसांत जाईल. आता त्याचे केस पिकले. फार सुंदर मराठी बोलतो. अजून मला तुम्ही म्हणतो."

दर रविवारी मी ते संभाषण ऐकत आले होते, त्या मुलाच्या मराठीचं कौतुक करत आले होते, आणि हे माझ्या कानावरून गेलं होतं. मला फार वाईट वाटलं. मी खिडकीतून पंपाकडे बघत राहिले.

सुरेखानं पदरानं गळ्यावरचा घाम पुसला. "भाऊजी जात्याल एकलंच," ती शेवटी म्हणाली. "दाखला ऱ्हाऊ द्या. सासूबाईंस्नी मी बगते."

विमलताईंनी मान हलवली. त्यांनी दाखल्याचं पुस्तक मिटून खणात ठेवलं. तेवढ्यात ऋतुजा दोरी सोडून आत आली, टेबलाला वळसा घालून त्यांच्या अगदी जवळ गेली आणि चेहऱ्यात निरखून बघू लागली.

"बाई," ती म्हणाली, "तू रडाय लागलीस व्हय?"

"अगं ए!" सुरेखानं तिचा दंड धरला. "बाईस्नी तू म्हंत्यात व्हय? तुमी म्हन, तुमी!"

"राहू दे," विमलताई म्हणाल्या. त्यांनी पोरीचा दुसरा हात आपल्या हातात घट्ट धरला होता. "हे नको सुधारू. हे बरोबर आहे."